दहा मिनिटं मशीन, उरलेला दिवस घर

मूळव्याध हा शब्द मराठीत आणि कन्नडात जवळजवळ एकच आहे. बेळगावात कुठल्याही रस्त्याने निघालात तर अर्ध्या तासात दोन-तीन पाट्या दिसतील, वर कन्नड, खाली मराठी: मूळव्याध, भगंदर, फिशर, ऑपरेशनशिवाय इलाज. २०२३ च्या दसऱ्याला शौचाच्या वेळी पहिल्यांदा रक्त गेलं, तेव्हा मला आजाराचं नाव शोधावं लागलं नाही. ते पाटीवर लिहिलेलंच होतं.

आधी औषधाच्या दुकानातून मलम आणलं. मग अशाच एका पाटीच्या आत जाऊन दोन महिन्यांच्या पुड्या घेतल्या. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी "तपासून बघू का?" म्हणून विचारलं, मी नको म्हटलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिखट कमी करा म्हणाले. मी एकतीस वर्षं सरकारी मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं आहे. शरीराचे अवयव शिकवताना डोक्यापासून सुरुवात करायची, पोटापर्यंत यायचं आणि तिथून एकदम गुडघ्यावर जायचं. सगळ्या बाई तसंच शिकवतात, मीही शिकवलं. मधल्या जागेसाठी माझ्याकडे शब्दच नव्हता. घरात "खालती दुखतंय" एवढंच म्हणायची. आमच्या ह्यांना वाटायचं, पोटात दुखत असेल.

एप्रिलमध्ये आक्का आली, माझी मोठी बहीण, खानापूर तालुक्यातल्या आमच्या माहेरच्या गावाहून. जेवायला बसल्यावर पाच मिनिटांत तिने विचारलं, "अशी एका अंगावर का बसलीस गे?"

"दुखतंय."

"दुखतंय खरं कुठं?"

मी तिच्या कानात सांगितलं. रक्त जातंय, आत बोराएवढं काहीतरी हाताला लागतंय, हेही सांगितलं. तिने ताट तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मला बाईमाणूस असलेल्या सर्जनकडे घेऊन गेली. बोटाने तपासायला दोन मिनिटं लागली असतील. सर्जनबाईंचा चेहरा बदलला नाही, पण त्या म्हणाल्या, ही मूळव्याध वाटत नाही, तुकडा काढून तपासायला पाठवू. दहा दिवसांनी रिपोर्ट आला: गुदद्वाराचा कॅन्सर, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. एमआरआयमध्ये गाठ साडेतीन सेंटिमीटर. बाहेर कुठे पसरला नव्हता.

मुलगा पुण्याहून आला. चालुक्य एक्स्प्रेसने दादरला उतरून आम्ही परळला टाटा हॉस्पिटलमध्ये फाईल दाखवून आलो. तिथेही तोच इलाज सांगितला आणि तो बेळगावात होऊ शकतो असं सांगितलं, म्हणून परत आलो. मिरज, कोल्हापूर, हुबळी अशी नावं नातेवाईक सुचवत होते. मला मात्र रोज जाऊन रोज स्वतःच्या घरी यायचं होतं. त्या निर्णयाचा मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

इलाजाबद्दल थोडं सांगते, कारण मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिले आठ दिवस मी रडत बसले नसते. माझी समजूत होती की ऑपरेशन करून सगळी जागा काढून टाकतील आणि पोटावर कायमची पिशवी बसेल. पूर्वी तसंच करत. अमेरिकेत डेट्रॉइटला नॉर्मन निग्रो नावाचे सर्जन होते. त्यांनी ऑपरेशनच्या आधी गाठ लहान व्हावी म्हणून केमो आणि रेडिएशन एकत्र दिलं, आणि नंतर काढलेल्या भागात कॅन्सरच सापडला नाही. १९७४ साली त्यांनी हे छापलं तेव्हा रुग्ण फक्त तीन होते. पण त्या तिघांवरून सगळी दिशा बदलली. आता आधी केमो-रेडिएशन देतात, आणि गाठ त्याला दाद देत नसेल किंवा परत आली तरच ऑपरेशन. आमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांनी हे मला कागदावर चित्र काढून समजावलं. बाहेर चाळीस माणसं थांबली होती, तरी वीस मिनिटं दिली.

त्याच बैठकीत त्यांनी एचपीव्हीचं सांगितलं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला कारण होणारा विषाणूच बहुतेक वेळा ह्या कॅन्सरच्याही मुळाशी असतो. म्हणून माझ्या गर्भाशयाच्या मुखाचीही तपासणी केली, एचआयव्हीचीही केली. घरी येताना रिक्षात हे एक शब्द बोलले नाहीत. रात्री मी विचारलं, मनात काय आलंय? ते म्हणाले, माझ्यामुळे झालं का? पुढच्या वेळी मी त्यांना आत घेऊन गेले आणि हाच प्रश्न डॉक्टरांना विचारायला लावला. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू इतका सगळीकडे आहे की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, बऱ्याच जणांचा आपोआप जातो, काहींच्यात वर्षानुवर्षं लपून राहतो. कधी आला, कुणाकडून आला हे कुणी सांगू शकत नाही. हे विचारून घेतलं नसतं तर तो प्रश्न आमच्या दोघांच्या मध्ये बसून राहिला असता.

ठरलं ते असं: २८ वेळा रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार, साडेपाच आठवड्यांच्या आसपास. पहिल्या दिवशी शिरेतून मायटोमायसिन, जांभळ्या रंगाचं केमोचं औषध. आणि रेडिएशनच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, त्याही केमोच्याच. सुरुवात ३ जून २०२४.

रेडिएशन विभागातल्या नर्सने, धारवाडकडची मुलगी होती, कागद हातात देताना म्हटलं, "मनी रेडी माड्री, अम्मा." घर तयार करा. मग मोडक्या मराठीत सांगितलं की मशीनवर दहा मिनिटं, बाकी सगळा दिवस तुम्ही घरात असणार, तुमचं खरं आजारपण तिथेच काढायचं आहे. मला वाटलं, सगळ्यांना असं सांगत असेल. तिसऱ्या आठवड्यापासून तिचा प्रत्येक शब्द खरा ठरला.

आमचं घर वडगावात. हे यंत्रमागावर होते, त्याआधी हातमागावर. जुनं घर, मागे परस, परसात देशी संडास, आत मोरी आणि मोरीत तांब्याचा बंब. ह्या घरात कॅन्सरचा इलाज काढायचा तर काय काय लागेल, ह्याचा विचार आम्ही मे महिन्याचे शेवटचे पंधरा दिवस केला.

पहिली गोष्ट पाणी. शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, आमच्या गल्लीत नाही. चार-पाच दिवसांनी नळ येतो, मे महिन्यात राकसकोप धरणाचं पाणी खाली गेलं की आठवडासुद्धा लागतो. नर्सच्या कागदावर लिहिलं होतं, दिवसातून चार ते सहा वेळा कोमट पाण्यात बसा, प्रत्येक वेळी शौचानंतर आणि लघवीनंतर पाण्याने धुवा, कागद वापरू नका. ह्यांनी पाटीवर हिशेब मांडला. एका वेळी टबाला सात लिटर, सहा वेळा म्हणजे बेचाळीस. धुण्याचं, कपडे दिवसातून तीनदा बदलायचे त्यांचं, चादरींचं. दिवसाला माझ्या एकटीसाठी दीडशे लिटर. आठ दिवस नळ आला नाही तर बाराशे. आमच्या दोन पिंपांत सहाशे मावत होतं. म्हणून पाचशे लिटरची टाकी आणून परसात बसवली, आणि शेजारच्या बोअरवेलवाल्यांना आधीच सांगून ठेवलं की रात्री-अपरात्री घागर मागायला येऊ. तेव्हा मला हे जरा जास्तच वाटलं होतं. जुलैत एकदा पाइप फुटून नऊ दिवस नळ आला नाही.

दुसरी गोष्ट संडास. उकिडवं बसलं की तिथली कातडी ताणली जाते. सोलवटलेल्या कातडीवर ते शक्यच नाही. मधोमध भोक आणि खाली भांडं असलेली कमोडची खुर्ची आणली, माझ्या खोलीतच ठेवली, कोपऱ्यात पडदा लावला. मला त्या खुर्चीची फार लाज वाटली होती. ती आली त्या दिवशी मी तिच्यावर चादर टाकून ठेवली. पुढे रात्री सात-सात वेळा उठावं लागलं, पावसात परसात जायची वेळ त्या खुर्चीमुळे आली नाही.

तिसरी गोष्ट कापड. बाजारातले नॅपकिन, ओले रुमाल, सॅनिटरी पॅड, सगळ्यांनी आग होते. मऊ, जुनं, बिनशिवणीचं सुती कापड लागतं. सासूबाईंची दोन लुगडी पेटीत होती, शहापुरी सुती, ह्यांनीच हातमागावर विणलेली, त्यांच्या आईसाठी. धुऊन धुऊन सायीसारखी झाली होती. हे एका दुपारी ती लुगडी घेऊन ओट्यावर बसले आणि धागा पकडून चौकोन फाडत गेले. मी म्हटलं, राहू द्या, दुसरं बघू. म्हणाले, "यापेक्षा मऊ आपल्या घरात काय आहे?" ऐंशी तुकडे झाले. कडा शिवल्या नाहीत, कारण शिवण टोचते. आक्काने ते उकळून वाळवून डब्यात भरले. आता त्यातले बारा-तेरा उरलेत, ते मी वापरत नाही.

चौथी गोष्ट पोटात पाणी धरायची सवय. मशीनवर झोपताना मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणजे ते फुगून आतड्यांना वर ढकलतं आणि किरण आतड्यांवर कमी पडतात. आधी लघवी करून यायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि पाऊण तास थांबायचं. ऐकायला सोपं आहे. मी मेमध्येच घड्याळ लावून रोज सराव केला, कारण सत्तावन्नाव्या वर्षी पाऊण तास धरणं मला जमत नव्हतं. सरावाने जमलं. माझ्याबरोबर त्याच वेळेला येणाऱ्या एका आजीबाईंना तीनदा मशीनवरून उतरून परत पाणी प्यायला लागलं, बिचाऱ्या रडायच्या.

आणि पाचवी गोष्ट कागद. हॉस्पिटलचे सगळे कागद इंग्रजीत किंवा कन्नडात. मला कन्नड वाचता येतं, आक्काला फक्त मराठी. म्हणून मी फुलस्केपवर मोठ्या अक्षरात मराठीत घरासाठी कागद लिहिला: कुठली गोळी कधी, काय खायचं नाही, ताप किती आला की कुणाला फोन करायचा. वर मथळा लिहिला, "माझ्या आजारपणाच्या सूचना". आक्काने वाचलं आणि म्हणाली, "कसलं आजारपण? रात्री तुला काय झालं तर मी फोनवर काय सांगू?" मग मी मथळा खोडून लिहिलं, "गुदद्वाराचा कॅन्सर". माझ्या अक्षरात तो शब्द पहिल्यांदा बघितला. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

पैशाचं एवढंच सांगते की बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत सोय आहे, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के. आम्ही एपीएल. पेन्शन होती, मुलाने भर घातली. कार्डाचं काम इलाज सुरू व्हायच्या आधी करून घ्या, नंतर खिडकीत उभं राहायची ताकद राहत नाही.

प्लॅनिंगच्या दिवशी सीटी स्कॅन करून माझ्या कमरेवर आणि दोन्ही बाजूंना तीन बारीक ठिपके गोंदले, रोज त्याच जागी किरण पडावेत म्हणून. माझ्या आजीच्या हनुवटीवर असेच तीन ठिपके होते. सुई टोचताना मला तिची आठवण आली आणि का कोण जाणे, धीर आला.

पहिले दोन आठवडे काहीच नाही. मला वाटलं, उगीच घाबरवलं लोकांनी. पहिल्या दिवशी थोडं मळमळलं, तोंडाला चव नव्हती, तळहात-तळपाय लालसर झाले, ते त्या गोळ्यांनी होतं. सकाळी स्वयंपाकही करत होते.

तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाले आणि भाकरी बंद झाली. आमच्या घरात भाकरी आणि ठेचा नाही असं जेवण कधी झालेलं नाही. पण कोंडा, पालेभाजी, कडधान्य, शेंगदाण्याची चटणी, सगळं आतल्या सोललेल्या कातडीवरून जाताना वाळूसारखं लागतं. आक्काने मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, दहीभात, केळं, उकडलेला बटाटा आणि उकडलेलं अंडं ह्यांच्यावर मला जगवलं. मिठाची पेज दिवसातून तीन वेळा. जुलाब थांबवायची गोळी डॉक्टरांनी दिलेली होती. ती किती आणि कधी, हे कपाटाच्या कागदावर होतं, त्यामुळे रात्री दोन वाजता विचारत बसावं लागलं नाही.

मग कातडी. आधी काळवंडली, मग लाल झाली, मग जांघांत, मागच्या फटीत आणि पुढेही फाटून ओली झाली. चुलीवर बसल्यासारखं. कन्नडात आगीला, जळजळीला "उरी" म्हणतात. नर्स रोज विचारायची, "उरी ऐतेनरी?" मराठीत उरी म्हणजे काळजात. मला ते दोन्ही अर्थांनी होतं.

ह्या दिवसांत जे उपयोगी पडलं ते सांगते. लघवी करताना सगळ्यात जास्त आग होते, म्हणून पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून, लघवी होत असतानाच कोमट पाण्याची धार सोडत राहायची. तेवढ्यानेही भागलं नाही की टबात बसूनच लघवी करायची आणि मग स्वच्छ पाणी ओतायचं. पाणी कोमट म्हणजे लहान बाळाला घालताना कोपराने बघतो तसं. बंबातलं कढत पाणी एकदा तसंच टाकलं गेलं, तेव्हा मी ओरडले होते. पुसायचं नाही, लुगड्याचा तुकडा हलकेच दाबायचा, मग अंथरुणावर पाय पसरून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन, हातपंख्याने वारा घ्यायचा. घरात आतले कपडे घालायचे नाहीत, नुसता सैल परकर. शौचाला जायच्या दहा मिनिटं आधी डॉक्टरांनी दिलेली बधीर करणारी जेली. मशीनवर जायच्या आधी जाड मलम अजिबात नाही, आणि हळद, लोणी, कोरफड, पावडर, कुणी काहीही आणलं तरी नाही. येणाऱ्या बायका प्रेमानेच आणायच्या. आक्का सगळं घ्यायची, चहा द्यायची आणि त्या गेल्यावर कपाटात ठेवून द्यायची.

बेळगावच्या पावसात कापड वाळत नाही, हे मात्र आम्ही मे महिन्यात विसरलो होतो. जूनच्या शेवटी आठ-आठ दिवस ऊन नाही. ओलसर कापड त्या कातडीला लागलं तर आणखी चिघळणार. आक्का बंबाच्या बाजूला दोरी बांधून तुकडे टांगायची, हे रात्री बसून एकेक तुकडा इस्त्रीने कोरडा करायचे. मी खोलीतून इस्त्री टेकवल्याचा आवाज ऐकत पडायची. एवढी वर्षं मागाच्या खटखटीवर झोपलेली मी, त्या आवाजावर झोपायला लागले.

रोजचा प्रवास कपिलेश्वर पुलावरून, चन्नम्मा चौकातून. गल्लीतलाच रिक्षावाला ठरवला होता. त्याने न सांगता मागच्या सीटवर फोमचा तुकडा टाकला आणि खड्डे पाठ केले. खड्डा आला की आधी सांगायचा, "बाई, धरा." मी हातांवर जोर देऊन अंग उचलायची. चौथ्या आठवड्यात बसणंच जमेना, तेव्हा सीटवर आडवी होऊन, पाय ह्यांच्या मांडीवर ठेवून गेले.

आता माझ्या हातून झालेली चूक. ३० जून, रविवार. वीस वेळा रेडिएशन झालं होतं. संध्याकाळी थंडी वाजली. थर्मामीटर लावला, १०१. कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: १००.४ च्या वर गेलं की लगेच हॉस्पिटल, वाट बघायची नाही. पण बाहेर धो धो पाऊस, रविवारची रात्र, आणि पावसाळ्यात ताप कुणाला येत नाही? मी पॅरासिटामॉलची गोळी घेतली, ताप उतरला, मी झोपले. पहाटे तीनला आक्काने अंगाला हात लावला तर चटका बसला. मला नीट बोलता येत नव्हतं. त्याच रिक्षाने नेलं. पांढऱ्या पेशी हजाराच्याही खाली गेल्या होत्या. मायटोमायसिनचा परिणाम असा तीन-चार आठवड्यांनी दिसतो, आणि पेशी नसताना आलेला ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. गोळीने ताप झाकला गेला आणि नऊ तास वाया गेले. चार दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक. चार दिवस रेडिएशन बंद. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी सांगितलं की मध्ये खंड पडला की कॅन्सरच्या पेशींनाही सावरायला वेळ मिळतो. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. घरी परतल्यावर मी कपाटातला कागद काढला, ती ओळ लाल पेनने पुन्हा लिहिली आणि खाली लिहिलं: गोळी घ्यायची नाही, रिक्षा बोलवायची.

१६ जुलैला अठ्ठावीसावा दिवस झाला. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. सगळ्यांनी पेढे वाटायची तयारी केली होती. मलाही वाटलं, आता संपलं. टीव्हीवर पंढरपूरची पूजा चालली होती, मी आडवी पडून हात जोडले.

आणि तिथून पुढचे दहा दिवस सगळ्यात वाईट गेले. हे कागदावर एका ओळीत होतं, पण त्याचा अर्थ आम्हाला कळला नव्हता. किरण थांबले तरी आतली भट्टी लगेच विझत नाही, कातडीचं सोलणं आठवडा-दीड आठवडा वाढतच जातं. आणि नेमकं तेव्हाच रोज दिसणारे डॉक्टर, नर्स, मशीनवाली मुलं, सगळे सुटलेले असतात. मुलगा परत पुण्याला गेला होता. गल्लीतल्या लोकांना वाटलं, बाईंचा इलाज झाला, आता बऱ्या असतील. मी मात्र दोन्ही बाजूंनी कुशीवर होऊ शकत नव्हते, पालथी पडून उशीत तोंड खुपसून ओरडत होते. आक्काला मी वाईट बोलले. तिने पाणी आणलं, मी टब लाथेने सांडला. ती काही बोलली नाही, फडक्याने पुसून घेतलं आणि परत पाणी भरून आणलं. त्या टबाची आठवण आली की अजूनही मला तिच्यापुढे मान वर करवत नाही.

डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. हे घाबरले, सवय लागेल म्हणाले. मीच डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. त्यांनी सांगितलं, दुखण्यासाठी ठरल्या मापाने घेतलेल्या औषधाची भीती नको, कातडी भरली की हळूहळू कमी करून बंद करू. फक्त शौच घट्ट होईल, म्हणून सोबत पोट मऊ ठेवायचं औषध घ्या, कारण आत्ता कुंथणं परवडणार नाही. त्या रात्री मी पाच तास सलग झोपले. तीन आठवड्यांनी गोळ्या बंद झाल्या, काही सवय लागली नाही. दुखणं सोसण्यात काही पुण्य आहे असं आमच्या घरात मानायचे. मी आता मानत नाही.

जुलैच्या शेवटी एका सकाळी आक्का म्हणाली, "हितं कोरडं झालंय बघ." रुपयाएवढा भाग. नागपंचमीपर्यंत तळहाताएवढा. गणपतीत आरतीला मी गोधडीच्या चार घड्यांवर दहा मिनिटं बसले.

त्यानंतर वाट बघणं. ऑक्टोबरच्या एमआरआयमध्ये अजून थोडं काहीतरी दिसत होतं. मी खचले. डॉक्टरांनी घाई करू दिली नाही. ब्रिटनमध्ये ९४० रुग्णांचा मोठा अभ्यास झाला आहे, त्यात दिसलं की ह्या गाठी सावकाश विरघळतात, तीन महिन्यांत उरलेली गाठ सहा महिन्यांत गेलेली असू शकते. म्हणून इलाज सुरू झाल्यापासून २६ आठवडे थांबायचं, मग ठरवायचं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी बोटाने तपासलं, दुर्बिणीतून बघितलं, एमआरआय बघितला. काही नव्हतं. मी त्यांना विचारलं, परत एकदा बघता का? त्यांनी बघितलं.

सगळं पहिल्यासारखं झालेलं नाही. शौचाची घाई येते तेव्हा दोन मिनिटंही मिळत नाहीत. पिशवीत एक परकर आणि लुगड्यासारख्याच मऊ कापडाचे तुकडे असतात, लग्नाला गेले की आधी बाथरूम कुठे आहे ते बघून घेते. किरणांमुळे योनीमार्ग आकसतो, हे मला कुणी डॉक्टरांनी नाही, त्या धारवाडच्या नर्सने सांगितलं. दार लावून, आवाज खाली न करता सांगितलं. त्यासाठी डायलेटर मिळतात, म्हणजे तो मार्ग मोकळा ठेवणाऱ्या नळ्या, आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचे. नवरा-बायकोच्या संबंधासाठी तर आहेच, पण पुढे डॉक्टरांना आतून तपासता यावं म्हणूनही. बाईने हे विचारलं नाही तर ते कुणीच काढत नाही, म्हणून मी इथे लिहिते आहे. पुण्याच्या अकरा वर्षांच्या नातीला एचपीव्हीची लस दिली, सीरमची सर्व्हाव्हॅक, दोन डोस. सूनबाईने काही विचारायच्या आधीच मी तिला फोनवर त्या जागेचं नाव घेऊन सगळं सांगितलं होतं.

कमोडची खुर्ची मी धुऊन माळ्यावर ठेवली होती. गेल्या महिन्यात येळ्ळूरहून एका बाईंचा फोन आला, रिक्षावाल्याने नंबर दिला म्हणाल्या. चाळिशीच्या असतील. सोमवारपासून रेडिएशन सुरू होणार होतं. आजाराचं नाव घेताना त्यांचा आवाज बारीक झाला, मी थांबले, त्यांनी घेतलं. मग विचारलं, बाई, किती दिवस त्रास होतो? मी म्हटलं, अठ्ठावीस दिवस मशीनचे आणि त्यानंतरचे पंधरा दिवस आत्ताच कॅलेंडरवर मांडून ठेवा, त्या पंधरा दिवसांत घरात कोण राहणार ते आज ठरवा. खुर्ची उद्या पाठवते. आणि मला सांगा, तुमच्याकडे नळाला पाणी कितव्या दिवशी येतं?